आजोबा मीनेवर होते

गेले तीन वीकेंड रिलीजच्या नावाने गेले, त्यामुळे इथे सामसूम होती. आज सवड आहे, चहा आहे, आणि एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. (घोळ हा शब्द पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा. :) )

आमचं गाव नारायणगाव. जुन्नर तालुका, पुणे-नाशिक रस्त्यावर. हे सांगितलं की समोरचा माणूस तीनपैकी एक काहीतरी म्हणतो - तमाशा, टोमॅटो किंवा खोडदची दुर्बीण. समुद्र असं आजवर कोणी म्हटलेलं नाही, आणि साहजिकच आहे ते. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी शंभर किलोमीटरच्या वर, आणि मध्ये अख्खा सह्याद्री. आमचं पाणी म्हणजे मीना नदी. जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरात उगवते, वडजच्या धरणात अडते, गावाला लागून वाहते आणि पुढे घोड नदीला मिळते. पोहायला शिकलो ती मीनेत, गणपती विसर्जन मीनेत, दहाव्याचा घाट मीनेकाठी. त्यामुळे आजोबा जेव्हा "म्या मीनेवर असताना..." अशी सुरुवात करायचे तेव्हा मी नदीच समजायचो. नातू म्हणून दुसरं काय समजणार?

फक्त त्यापुढचं काही जुळायचं नाही. "मीनेवर असताना आठ आठ दिवस जमीन दिसायची न्हाई." "मीनेवर असताना उलटी होऊन होऊन आतडी बाहेर यायची बाकी राहिली." मला वाटायचं पूर्वी नदीला फार मोठे पूर येत असतील.

मग सातवी-आठवीत असताना आत्याने उलगडा केला. "अरे येड्या, नदी नव्हं. बोट. दादा मासे धरायच्या बोटीवर होते. तिचं नाव मीना." आणि लगेच दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुझ्या बाबांपुढं बोलू नको."

आता हे आवाज खाली आणणं का, ते कळायला आमचं घर माहीत असावं लागेल. आमच्याकडे चार पिढ्यांची माळ आहे. म्हणजे वारकरी, तुळशीची माळ, पंधरवड्याची एकादशी, आणि मांस-मच्छी घरात तर नाहीच, पण ताटात कांदा-लसूण किती यावर पण चातुर्मासात चर्चा. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला, म्हणजे आमच्या तालुक्यातच, आणि पणजी तिथे चालत जायची. अशा घरातला मोठा मुलगा मासेमारीच्या बोटीवर! म्हणून घरात शब्द ठरला होता, 'गोदी'. दादा कुठे होते? मुंबईला, गोदीत. गोदीत माणूस काय करतो हे कोणी विचारत नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावची निम्मी माणसं त्या काळी मुंबईत ओझीच उचलत होती. शब्द खोटाही नाही. ससून डॉक ही गोदीच आहे.

तर मंडळी, आधी बोटीबद्दल सांगतो, कारण ती खरीच होती आणि तिच्याबद्दल छापील मजकूर सापडतो.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा देशात धान्याची भयंकर टंचाई होती. बंगालचा 1943 चा दुष्काळ ताजा होता, शहरांत रेशनिंग होतं. खायला आणखी काय मिळेल याचा शोध चालू होता, त्यात सरकारची नजर समुद्राकडे गेली. 1946 साली भारत सरकारने मुंबईत डीप सी फिशिंग स्टेशन काढलं. आपले कोळी बांधव होडीने आणि शिडाच्या गलबताने किनाऱ्याजवळ डोल जाळी लावत, वावरी लावत. त्यापलीकडच्या खोल पाण्यात तळाला किती मासळी आहे, कुठे आहे, कोणत्या महिन्यात आहे, हे बघायचं काम या स्टेशनचं. त्यासाठी जी जहाजं आली त्यात 'मीना' नावाचा वाफेवर चालणारा ट्रॉलर होता. पाठोपाठ 'अशोक' आणि 'प्रताप' ही इंजिनावरची लहान जहाजं. 1951 मध्ये 'तायो मारू 17' नावाचा जपानी ट्रॉलरही मुंबईत येऊन मासेमारी करून गेला. याच स्टेशनचं पुढे नाव बदलत बदलत 1983 साली फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया झालं. त्याचं मुख्य ऑफिस अजून मुंबईतच आहे.

नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यात अर्थातच मीन म्हणजे मासा असणार. जुन्नरची नदी त्याच्या गावीही नसेल. पण आमच्या घरात त्यामुळे जो गोंधळ झाला तो भारी आहे, सांगतो थोड्या वेळाने.

मीना ही पहिली नव्हेच. मुंबई सरकारने 1921-22 साली 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेचा ट्रॉलर मुंबईच्या पाण्यात चालवून बघितला होता. त्याच्याही आधी 1908-09 मध्ये बंगालच्या उपसागरात 'गोल्डन क्राउन'. सगळ्यांची गोष्ट साधारण सारखी आहे. मासळी मिळाली, पण हिशेब जुळला नाही. मासा पकडायला वाफ होती, पण पकडलेला मासा टिकवायला पुरेसा बर्फ नाही, शीतगृह नाही, नेणारी गाडी नाही. आमच्याकडे टोमॅटोचा भाव पडला की जे होतं तेच. माल आहे, उठाव नाही.

मूळचं हे तंत्र इंग्लंडचं. 'झोडियाक' नावाचा वाफेचा ट्रॉलर 1881 मध्ये हल बंदरात ग्रिम्सबीच्या कंपनीसाठी बांधला गेला, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत उत्तर समुद्रातली शिडाची ट्रॉलर जहाजं मागे पडत गेली. तिकडच्या कुटुंबांत "आमचे आजोबा ट्रॉलरवर होते" हे अभिमानाने सांगतात, भिंतीवर फोटो असतो. आमच्याकडे भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, पण त्यात त्यांनी वारीचा पटका बांधलेला आहे आणि गळ्याशी उपरणं घट्ट लपेटलेलं आहे. उपरणं असं का लपेटलंय, ते पण सांगतो.

आजोबा मुंबईला गेले ते 1947 च्या दिवाळीनंतर. वय अठरा. जमीन जिरायत, विहीर नाही, खाणारी तोंडं सात. एसटी सुरू व्हायला अजून काही महिने होते. गावातले तिघे मिळून चालत निघाले. जुन्नर, घाटघर, नाणेघाट उतरून वैशाखरे, मुरबाड आणि कल्याणला रेल्वे. तीन दिवस लागले. नाणेघाट म्हणजे तोच, सातवाहनांचा. वर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं म्हणतात, आणि गुहेत नागनिका राणीचा लेख. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल याच वाटेने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरत होता. त्यामुळे घाटावरच्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असा प्रश्न निदान जुन्नरात तरी विचारू नये. सातवाहनांच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे राव!

आजोबांना अर्थात यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना नाणेघाटाची एकच आठवण होती. उतरताना सोबत्याची चप्पल तुटली आणि कल्याणपर्यंत तो एका पायात चप्पल घालून आला. का, तर एक चप्पल टाकून द्यायला जीव होईना.

मुंबईत गाववाल्यांचा गाळा होता. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं, पाळीपाळीने झोपायचं, प्रत्येकाची भिंतीवर एक खिळा. ट्रंक खाली, कपडे खिळ्याला. जेवण खानावळवाल्या बाईकडे. आधी आजोबांनी बंदरावर कोळशाच्या पाट्या वाहिल्या. मग ससून डॉकला बर्फाचं काम मिळालं. बर्फाच्या लाद्या फोडायच्या, पाट्या भरून जहाजाच्या पोटात ओतायच्या. ससून डॉक कुलाब्याला, 1875 साली बांधलेली. बोट आठ-दहा दिवस समुद्रात राहणार म्हणजे जाताना पोटात बर्फ आणि कोळसा, येताना बर्फात मासळी आणि कोळशाच्या जागी राख. आजोबा म्हणायचे, "एका बाजूनं गारठा, दुसऱ्या बाजूनं काळं, मधी म्या."

मग एकदा मीनेवरचा कोळसा ओढणारा माणूस तापाने पडला आणि सारंगाने धक्क्यावरच्या पोरांत जो आडवा-उभा धट्टाकट्टा दिसला त्याला बदलीवर घेतलं. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याच्या हाताखाली टंडेल, मग आगवाला, तेलवाला आणि सगळ्यांत खाली कोयलावाला. आजोबा कोयलावाला. कोळशाच्या कोठीतून पाटीने कोळसा ओढून बॉयलरच्या तोंडाशी आणून टाकायचा. आगवाला तो फावड्याने आत फेकणार. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. रात्र-दिवस असा फरक नाही. (आमच्या प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांनो, रडू नका.)

पोहता यायचं? मीनेच्या डोहात येत होतं, हे त्यांचं उत्तर.

ट्रॉलर मासे कसा पकडतो हे आजोबांनी मला पतंगावरून समजावलं होतं, आणि आता वाचल्यावर कळतं की ते अगदी बरोबर होतं. एक मोठी जाळ्याची पिशवी तळावरून ओढायची. ओढली की पिशवीचं तोंड मिटणार, म्हणून दोन्ही बाजूंना लोखंड मारलेल्या दोन जड लाकडी फळ्या. त्यांना दोर असा तिरका बांधायचा की पाणी अंगावर आलं की एक फळी डावीकडे पळते, एक उजवीकडे. पतंग जसा वारा खाऊन दोरीपासून लांब पळतो तसं. मध्ये तोंड आ वासलेलं राहतं. इंग्लंड-स्कॉटलंडकडे 1894 च्या सुमारास ही युक्ती आली, त्याआधी तोंड उघडं ठेवायला एक आडवा लाकडी वासाच बांधत. दोन-तीन तास असं ओढायचं, मग वाफेवरचा विंच लावून पोलादी दोर गुंडाळायचे. पिशवी डेकवर टांगली की एकजण तिच्या बुडाची गाठ ओढतो आणि सगळं धबाक्कन खाली. आजोबा ड्यूटी नसताना वर येऊन हे बघायचे. "पहिल्यांदा बघितलं तवा वाटलं, ह्ये समुद्राचं पोटच फाडलं." एवढंच म्हणायचे. पुढे काही बोलायचे नाहीत.

काय निघायचं त्यात? घोळ, कोथ, दाढा, वाम, करकरा, शिंगाळा, पाकट, मुशी. ही नावं ते ज्ञानेश्वरीच्या ओव्यांसारखी एका दमात म्हणायचे. मला वाटायचं वयामुळे काहीतरी कालवाकालव होत असेल. पण 1959 साली एक मोठा शास्त्रीय लेख प्रसिद्ध झालाय, 1949-50 ते 1954-55 या काळात मुंबई आणि सौराष्ट्राच्या पाण्यात ट्रॉलरांना काय मिळालं याचा. तो नेटवर सापडला, एका शनिवारी बसून वाचला. मासे तेच! घोळ, कोथ, दाढा, वाम, करकरा, शिंगाळा, पाकट, मुशी. तिथे लॅटिनमध्ये, आजोबांकडे जुन्नरी उच्चारात. लॉग फाइल आणि यूजरची तक्रार पहिल्यांदाच जुळताना बघितली.

घोळीचं तर वेगळंच. तिच्या पोटात हवेची पिशवी असते, भोत. ती वाळवून चीनकडे जाते आणि मासळीपेक्षा महाग विकते. आजोबा म्हणायचे मासा कापला की मालक मंडळी आधी भोत कुठंय बघायची.

आता तो गोंधळ. बदलीचं काम टिकलं, तेव्हा आजोबांनी गाळ्यातल्या एका शिकलेल्याकडून घरी कार्ड लिहून घेतलं. "मीनेवर काम लागले आहे. पगार बरा आहे. काळजी नसावी." कार्ड गावात आलं. पणजीला वाचता येत नव्हतं, शाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवलं. पणजी विचारात पडली. मीना तर इथे घरामागे आहे, पोरगा मुंबईला! "मुंबईला पण मीना हाय काय हो गुरुजी?" गुरुजींनी नकाशा वगैरे न काढता सांगितलं, असेल एखादी. पणजीने गावभर सांगितलं की मुंबईत पण मीनामाई आहे आणि पोरगं तिच्यावर बांधकामाला आहे.

पुढचं कार्ड याहून वरचढ. मीना मासे शोधत सौराष्ट्राच्या बाजूला गेली होती. द्वारकेसमोरचं पाणी म्हणजे त्या काळच्या ट्रॉलरांची ठरलेली जागा. एका सकाळी आजोबा राख टाकायला वर आले तर लांबवर, धुक्यात, देवळाचं शिखर. त्यांनी तिथेच डेकवर कोळशाच्या हाताने नमस्कार केला. मुंबईला आल्यावर कार्ड टाकलं, "द्वारकेला जाऊन आलो. लांबून दर्शन घडले."

पणजीने गूळ-खोबरं वाटलं. पंढरीचा विठोबा तो द्वारकेहूनच आलेला ना! घराण्यातला पहिला माणूस द्वारकेला जाऊन आला. पोरगा पुण्यवान. आणि पोरगा त्या वेळी कुठे, तर हजारो मासे तडफडणाऱ्या डेकवर. आजोबा द्वारकेच्या किनाऱ्यावर उतरले नाहीत, ना तेव्हा, ना नंतर कधी. आमच्या घरात मात्र "दादांची द्वारका झाली होती" हे आजही सांगितलं जातं. आणि कीर्तनकार महाराज जेवायला बसले की हमखास.

आता माळ.

आजोबांच्या गळ्यात लहानपणापासून माळ होती. बर्फाचं काम करत होते तोवर ती गळ्यात होती. बर्फ हा बर्फ आहे, मासा नव्हे, असा त्यांचा हिशेब. बोटीवर जायच्या आदल्या रात्री त्यांनी माळ काढली आणि गाळ्यातल्या आपल्या खिळ्याला टांगली. आले की घालायची, निघाले की टांगायची. असं किती फेऱ्यांना केलं कोण जाणे. दोन-अडीच वर्षं ते मीनेवर जात-येत होते, पावसाळ्यात पेरणीला गावी. गावी येताना माळ गळ्यात असायचीच. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. पण माळेला बोटीवर न्यायची नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, कोणी बघत नसताना.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त गुंतायला होतं ते इथे. घरातले याला लपवाछपवी म्हणतात. मला ती लपवाछपवी वाटत नाही. लपवायचं असतं तर शर्टाच्या आत घालून गेले असते, बॉयलरपाशी कोण बघतंय?

फुटलं ते मुक्ताबाईच्या यात्रेत. 1951 ची यात्रा असावी, कारण आजीचं लग्न त्याच्या पुढच्या वर्षीचं. यात्रेला मुंबईकर झाडून सगळे येतात, आणि तमाशाच्या रात्री कोणाच्या पोटात काय राहतंय? गाळ्यातल्या एकाने पणजीसमोरच विषय काढला, की तुमचा पोरगा मासळीच्या बोटीवर आहे, जाताना माळ खिळ्याला टांगून जातो, आम्हीच राखण करतो तिची.

पणजी काय म्हणाली याच्या आमच्या घरात दोन आवृत्त्या आहेत. बाबांच्या आवृत्तीत ती खूप रडली, पोराला शपथ घातली, आणि त्याने त्याच दिवशी बोट सोडली. आजीची आवृत्ती वेगळी. आजी हे प्रत्यक्ष पणजीकडून ऐकलेलं सांगायची. त्यात पणजी दोन दिवस आजोबांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "पोटासाठी केलंस. त्याला पांडुरंग काय म्हणायचा न्हाई. पण परक्याच्या भिंतीला माळ टांगायची न्हाई. माझ्याकडं दे." माळ तिने देव्हाऱ्यात ठेवली. आणि आजोबा आणखी एक हंगाम मीनेवर गेले. माळेशिवाय, उघडपणे. निदान आईला तरी उघडपणे.

माझा विश्वास आजीच्या आवृत्तीवर आहे. कारण साधं आहे, विहीर 1952 च्या उन्हाळ्यात खणली. त्याच दिवशी बोट सोडली असती तर सुरुंगाला आणि बांधकामाला पैसे आले कुठून?

माळ परत घालायला आजोबांनी कधी मागितली नाही. वारी केली, टाळ वाजवला, एकादशी पाळली, पण गळ्यात माळ नाही. म्हणून फोटोत उपरणं घट्ट. ती माळ अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. लहानपणी मला वाटायचं ती देवाची आहे.

आणि हो, खाल्ले का? हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार, माझ्याही आला. बाबा म्हणतात शक्यच नाही, बोटीवर भंडारी त्यांना वेगळी डाळ करून द्यायचा. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. आत्या फक्त हसते. मी एकदा आजोबांना थेट विचारलं होतं, मी बारा-तेरा वर्षांचा असेन. ते म्हणाले, "घोळीला काटा कमी. वामीला मात्र लई, शेपटाकडं तर इचारूच नको." एवढं बोलून शेंगा सोलायला लागले. आता मला सांगा, ही माहिती डाळ खाऊन मिळते का? :)

बोट सुटली ती विहिरीमुळे. आधी मोट, मग काही वर्षांनी जुनं घेतलेलं ऑइल इंजिन. गावात इंजिन बंद पडलं की आजोबांना बोलावणं यायचं. त्यांचा हात खरं तर वाफेच्या इंजिनावर, तोही कोळसा ओढण्यापुरताच, पण कानाने सांगायचे कुठे अडकलंय ते. गुऱ्हाळ लागलं की चुलवाणावर तेच बसायचे. जाळ बारीक पसरायचा, ढीग करायचा नाही, दार उगाच उघडायचं नाही. हे आगवाल्याचं शिक्षण. त्यांच्या जाळावरचा गूळ पिवळाधमक व्हायचा असं जुने लोक सांगतात, आणि तो शिकला कुठे असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. गोदीत.

वाफेचे ट्रॉलर आपल्याकडे रुजलेच नाहीत. बॉयलर तापायलाच कित्येक तास, कोळसा महाग, आणि कोळशाने अडवलेली जागा म्हणजे तेवढी मासळी कमी. डिझेलने हे सगळे प्रश्न एका फटक्यात सोडवले. मात्र पुढे डिझेलच्या ट्रॉलरांची संख्या इतकी वाढली की किनाऱ्याजवळच्या कोळ्यांची जाळी रिकामी यायला लागली, आणि 1981 मध्ये महाराष्ट्राला सागरी मासेमारी नियमनाचा कायदा करावा लागला. आजोबांचं ते "समुद्राचं पोट फाडलं" मला हे वाचताना आठवलं. ते काही पर्यावरणवादी वगैरे नव्हते. बघितलं ते बोलले.

गेल्या हिवाळ्यात मी आणि आत्या ससून डॉकला जाऊन आलो. पहाटे साडेपाचला. ओला धक्का, डोक्यावर टोपल्या, बायकांचा आरडाओरडा, बर्फ फोडायचा आवाज आणि तो वास. वाफेचं काहीच उरलेलं नाही, सगळ्या डिझेलच्या बोटी. पण बर्फाच्या पाट्या वाहणारी पोरं होती. एकाला विचारलं कुठला रे तू, तर उत्तर प्रदेशातला निघाला. गावाला सांगितलंय का इथे काय काम करतोस? म्हणाला, "बंदरगाह में हूँ, इतना बोला है." आत्या एवढी हसली की त्याला वाटलं आम्ही त्याची चेष्टा करतोय. मग तिने त्याला पन्नास रुपये द्यायचा प्रयत्न केला, तो घेईना, मग चहा पाजला.

हे सगळं आत्ता लिहायचं निमित्त असं की यंदा गावच्या हरिनाम सप्ताहाची स्मरणिका निघतेय आणि त्यात जुन्या अन्नदात्यांची अर्धं अर्धं पान माहिती आहे. आजोबांची बाबांनी लिहिली. "तरुणपणी मुंबई येथे गोदीत नोकरी केली." मला टाइप करायला दिली. मी म्हटलं, बाबा, मीना लिहूया ना. बाबा सप्ताह कमिटीवर आहेत. ते म्हणाले सप्ताहाच्या पुस्तकात मासळी? लोक काय म्हणतील? मी म्हटलं विहीर कशाची आहे मग? सप्ताहाच्या पंगतीला पाणी त्याच विहिरीचं जातं, गेली कित्येक वर्षं. यावर बाबा उठून गोठ्याकडे गेले. आई म्हणाली, जाऊ दे, तुला काय पडलंय. दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं.

ब्लॉगवर लिहू का, हे मी त्यांना वेगळं विचारलं. म्हणाले, "लिही, पण कोणाची नावं नकोत." म्हणून इथे कोणाचं नाव नाही.

रविवारी पुण्याला निघताना त्यांनी तो कागद परत हातात दिला. 'गोदीत नोकरी' खोडून वर पेनने लिहिलं होतं, "मीना या बोटीवर नोकरी". कसली बोट ते लिहिलेलं नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगीन मी. विचारू दे तर खरं."

स्मरणिका पुढच्या महिन्यात छापून येईल. प्रूफ मीच बघतोय.